पंपघराचा पाया आणि पाण्याची यादी

दिवाळी झाली, नदी पात्रांत उतरली, कीं पंपघरांच्या बांधकामाचे दिवस येतात. पावसाळ्यांत हें काम होत नाहीं. कांठावर मोठी विहीर खणावयाची, तिला सरकारी भाषेंत जॅकवेल म्हणतात; तिचा तळ उन्हाळी पाण्याच्याही खालीं न्यावयाचा, आड मातीचा बांध घालून पाझर रात्रंदिवस उपसावयाचा, काँक्रीट घालून त्यावर पाणी मारीत राहावयाचें, आणि हें सारें मृगाच्या आंत आटोपावयाचें. एक हिवाळा चुकला कीं वर्ष गेलें. म्हणून ठेकेदार घाई करतो, साहेब घाई करतो, आणि त्या घाईंत एक प्रश्न कोणी विचारीत नाहीं, कीं हें पाणी कोणाच्या घरीं जावयाचें? आमचें म्हणणें असें आहे कीं ती यादी पाया खणण्याच्या आधीं चावडीवर लागली पाहिजे. मोटार सुरू झाल्यावर यादी करूं म्हणणें म्हणजे जेवणें झाल्यावर पंगत मांडणें होय.

ऑगस्ट २०१९ मध्यें सांगलीस इर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर चढली. लोक घरांच्या छपरांवर बसले होते, आणि त्याच जिल्ह्यांत जत-आटपाडीकडे प्यावयाच्या पाण्याचे टँकर फिरत होते. तेव्हांपासून सभासभांतून ऐकूं येतें कीं पुराचें पाणी उपसून दुष्काळी मुलखांत नेऊं, म्हणजे सांगली बुडणार नाहीं आणि जत तहानेला राहणार नाहीं. यांतला दुसरा भाग खरा करतां येईल. पहिला निव्वळ थाप आहे. पुरांत नदी लाखांनीं क्युसेक वाहते; पंप उपसतात तें शेंकड्यांनीं, फार तर हजार दोन हजार. घागरीनें ओढा आटत नाहीं. मात्र पावसाळ्यांत पंप चालले तर वरच्या मुलखांतले तलाव भरतात, व तेवढ्यासाठीं पंपघर बांधणें योग्यच आहे. फक्त मोटारींचा मजला २०१९ च्या पाण्याच्या वर हवा. नाहींतर ज्या महिन्यांत उपसा करावयाचा त्याच महिन्यांत मोटारी बुडतील. कांठावरच्या कुणब्याला हें शिकवावें लागत नाहीं. तो पूर येण्याआधींच आपली मोटार वर काढून आणतो.

आतां पैशाकडे पाहूं. एका एकरांत एक फूट पाणी उभें करावयाचें तर सुमारें १२ लाख ३३ हजार लिटर पाणी लागतें. तें १०० मीटर उंच चढवावयास, पंप आणि मोटार यांत वायां जाणारी शक्ति धरून, साडेचारशें ते पांचशें युनिट वीज जळते. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या योजना तर पाणी टप्प्याटप्प्यानें शेंकडों फूट वर नेतात. विजेचें बिल थकलें म्हणून पंप बंद पडल्याचें या मुलखानें अनेकदां पाहिलें आहे. शाळवाला दीड-दोन फूट पाणी पुरतें, उसाला ५ पासून ८ फूट लागतें. त्यांतलें पावसाचें वजा केलें तरी अंतर मोठेंच राहतें. म्हणजे एक एकर ऊस तीन-चार एकर शाळवाचें पाणी पितो, आणि तेंही एवढ्या महाग विजेनें वर चढविलेलें. कालव्याच्या तोंडाशीं ज्याचें रान, तो ऊस लावतो. शेपटाशीं ज्याचें रान, तो कोरडा कालवा पाहत बसतो.

जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला. त्यांत पलटणींतले व पोलिसांतले हात लावून बंधारे घाला, पाणी रानांत मुरवा, असें त्यांनीं सरकारास सांगितलें. आणि पाणीपट्टी घेऊन वेळेवर पाणी न देणाऱ्या खात्यावरही कोरडे ओढले. त्या वेळीं खातें परक्यांचें होतें. आज तें आपल्याच माणसांच्या हातीं आहे. कारखाना आपल्यांचा, ठेका आपल्यांचा, आमदार आपला. तरी शेपटाचा कुणबी आणि बिनरानाचा बलुतेदार जेथें होता तेथेंच आहे. भटजी-शेटजींना दोष देऊन हें पाणी पुढें सरकणार नाहीं.

दुसरी वाट नाहीं असेंही नव्हे. पुरंदर तालुक्यांत नायगांवीं १९७४ नंतर विलासराव साळुंखे यांनीं पाणी पंचायतीची रीत घातली. पाणी रानावर न वाटतां माणसांवर वाटावयाचें: माणशीं अर्धा एकर, आणि घर मोठें असलें तरी अडीच एकरांच्या वर नाहीं. ऊस बंद. भूमिहीनालाही हिस्सा. पुढें १९९३ पासून आटपाडीस नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकारानें पाणी परिषदा भरूं लागल्या, तेथेंही समान वाटपाचीच मागणी झाली.

कोणी म्हणेल, ज्याला रान नाहीं त्याला पाणी कशाला? आम्ही विचारतों, पाया खणणारा वडार, सळया वळविणारा लोहार, पाट्या वाहणारी बाई, यांच्या घामावर आणि यांच्याही करावर पंपघर उभें राहतें. मग पाण्याच्या वेळीं सातबारा कां मागतां? पाण्याचा हक्क हातीं असला तर लोहाराला किंवा कुंभाराला रान वाट्यानें मिळतें. ज्याच्याकडे रान आहे पण पाणी नाहीं तो आपण होऊन त्याच्या दारीं येतो. २००५ च्या कायद्यानें पाणीवापर संस्था आल्या, पण त्यांचें दार रानवाल्यालाच उघडें. बिनरानाच्या घराला त्यांत जागा हवी, आणि ती आतांच मागितली पाहिजे.

२६ जानेवारीची ग्रामसभा नेमकी पंपघराच्या कामाच्या दिवसांत येते. जेथें असें काम चालू असेल तेथील घरोघरच्या बायाबापड्यांनीं त्या सभेस जावें; यादींत कोणाचीं नांवें आहेत, माणशीं किती पाणी, बिल कोण भरणार, हें विचारावें. तोंडी उत्तर घेऊं नये. ठराव वहींत उतरवून त्याची नक्कल मागावी. आणि वही सांपडत नाहीं असें उत्तर आलें, तर ती सांपडेपर्यंत सभा उठूं देऊं नये.