मुका आहे म्हणून दुखत नाही?

माणसांच्या डॉक्टरने कुत्र्याच्या आजारावर का लिहावे, असे काही वाचक विचारतील. मी पशुवैद्य नाही. कुत्र्याला कोणती गोळी किती द्यायची हे सांगण्याचा मला अधिकार नाही आणि ते मी सांगणारही नाही. पण फॅमिली डॉक्टर म्हणून घरोघरी जाताना एक गोष्ट नेहमी दिसते. घरातला मोठा कुत्रा आजारी पडला की दोन-तीन माणसांची झोप उडते, आजींचे ब्लडप्रेशर वाढते, मुले ताटावरून उठून जातात. मग जनावरांच्या डॉक्टरांना विचारायचे प्रश्न माझ्या टेबलावर येतात. त्यातही हाडाचा कॅन्सर असा आजार आहे की, त्यात औषधाइतकाच घरच्यांचा निर्णय महत्त्वाचा ठरतो. आणि तो निर्णय आपल्याकडे बहुधा घेतलाच जात नाही. 'बघू, देवाच्या मनात असेल ते होईल' असे म्हणत दोन महिने निघून जातात. ते दोन महिने कुत्र्याने कसे काढले, हा माझा प्रश्न आहे.

आधी आजाराची ओळख करून घेऊ. कुत्र्यांच्या हाडातच सुरू होणाऱ्या कॅन्सरपैकी शंभरात सुमारे ८५ 'ऑस्टिओसार्कोमा' या प्रकारचे असतात. तो मुख्यतः मोठ्या अंगाच्या कुत्र्यांना होतो. आल्सेशियन, डॉबरमन, रॉटवायलर, ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड ही नावे त्यात पुढे आहेत. घरात पायात पायात करणाऱ्या छोट्या पॉमेरियनला तो क्वचितच होतो. वय सर्वसाधारणपणे सात-आठ वर्षांचे असते. पुढच्या पायात मनगटाच्या जरा वर किंवा खांद्याजवळ, आणि मागच्या पायात गुडघ्याच्या आसपास, या त्याच्या आवडत्या जागा.

सुरुवात लंगडण्याने होते. 'उडी मारताना मुरगळला असेल' म्हणून तेल लावून चोळतात, हळदीचा लेप घालतात, कोणी हाडवैद्याकडे नेतात. दोन दिवस बरा वाटतो, पुन्हा लंगडतो. मग त्या जागी टणक सूज दिसू लागते. माझे सांगणे एवढेच की, मोठ्या जातीचा, वयस्क कुत्रा एकाच पायाने पंधरा दिवसांहून जास्त लंगडत असेल, तर चोळणे बंद करा आणि एक्स-रे काढा. या आजारात हाड आतून पोखरले जाते. वाळवी लागलेला वासा बाहेरून धड दिसतो आणि एक दिवस कडकन मोडतो, तसे ते हाड ओटा उतरताना किंवा नुसते वळतानाही मोडू शकते. असे मोडलेले हाड प्लॅस्टर घालून नीट जुळून येत नाही.

जाता जाता एक सांगून ठेवतो. हाच कॅन्सर माणसांतही होतो, आणि तो वाढीच्या वयातल्या मुलामुलींना, बहुतेक गुडघ्याजवळ. कुत्र्यांचा आणि मुलांचा हा आजार इतका सारखा आहे की संशोधक दोन्हींचा अभ्यास जोडीने करतात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचा गुडघा रात्री ठणकत असेल, सूज असेल आणि ते दोन-तीन आठवडे टिकले असेल, तर 'खेळताना लागले असेल' यावर विसंबू नका. मुलांमध्ये वेळेवर उपचार झाले तर बरे होण्याची शक्यता चांगली असते. कुत्र्यांच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही.

माझ्या एका जुन्या पेशंटकडे, निवृत्त शिक्षकांकडे, आठ वर्षांचा आल्सेशियन होता. वजन ३८ किलो. पावसाळ्यात उजव्या पुढच्या पायाने लंगडू लागला. निदान व्हायला दिवाळी उजाडली. एक दिवस गुरुजी स्वतःच्या गुडघ्यासाठी दवाखान्यात आले आणि निघताना दारात थांबून म्हणाले, "डॉक्टर, माझ्याच गोळ्या त्याला अर्ध्या करून दिल्या तर चालतील ना? दुखणं तर दोघांचं हाडाचंच आहे." मी विचारले, "गुरुजी, त्याला दुखतंय हे कशावरून?" ते म्हणाले, "तसा तो ओरडत नाही हो. शहाणा आहे. पण रात्रभर धापा टाकतो."

या दोन वाक्यांत सगळे आले. कुत्रा ओरडत नाही म्हणून त्याला दुखत नाही, असे आपण धरून चालतो. कॅन्सरने पोखरलेल्या हाडाचे दुखणे किती भयंकर असते हे मी माणसांत पाहिले आहे. तसलेच दुखणे कुत्रा मुकाट सोसतो, कारण दुखणे लपवणे ही त्याची उपजत सवय आहे. मग ओळखायचे कसे? विश्रांती घेत असतानाही धापा टाकणे, रात्री सारखी जागा बदलणे, दुखरी जागा चाटत राहणे, पाय जमिनीला न टेकणे, डोक्यावरून हात फिरवला तरी उठून दूर जाणे, आवडीच्या खाण्याकडे पाठ फिरवणे, आणि कधी नव्हे ते घरच्यांवर गुरगुरणे. यातली दोन-तीन लक्षणे दिसली तर कुत्रा बोलतोच आहे, असे समजा.

गुरुजींना मी गोळ्या देऊ दिल्या नाहीत. माणसांच्या कपाटातल्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन यांसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या जठराला जखमा होऊन रक्तस्राव होतो, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलसुद्धा मनाने देऊ नये. डायक्लोफेनॅक तर जनावरांसाठी वापरायला आपल्या देशात २००६ साली बंदी आली. त्यामागचे कारण वेगळे होते. हे औषध टोचलेल्या गुरांचे मांस खाऊन गिधाडे मरत होती. पण घरच्या कपाटातून कुत्र्याच्या तोंडात जाणारी गोळी कुठल्या बंदीने थांबणार? पशुवैद्यांकडे कुत्र्याला चालणारी मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेनसारखी औषधे आहेत. त्यांना गॅबापेंटिनसारख्या औषधांची जोड देता येते. ही औषधे वजनावर मोजून द्यायची असतात, पोटात काही असताना द्यायची असतात, आणि दुखले की न देता घड्याळ लावून द्यायची असतात. उलटी, काळी डांबरासारखी शी किंवा खाणे बंद, असे झाल्यास औषध थांबवून लगेच त्यांना कळवावे. आणखी एक. 'ताकदीचे' म्हणून कोणी स्टेरॉइडचे इंजेक्शन देऊ लागला तर आधीच्या गोळ्या त्याला दाखवा. ही दोन औषधे एकत्र पोटात गेली तर जठर फाटू शकते.

आता मुख्य निर्णयाचे बोलू. निदान होते तेव्हा दहापैकी नऊ कुत्र्यांमध्ये या रोगाचे सूक्ष्म कण फुप्फुसांपर्यंत पोचलेले असतात. छातीच्या एक-रेमध्ये ते बहुधा दिसत नाहीत, एवढेच. त्यामुळे पाय काढला तरी रोग संपत नाही. पण दुखण्याचे मूळ जाते. नुसता पाय काढल्यावर साधारणतः चार-पाच महिने मिळतात. त्याला केमोथेरपीची जोड दिली तर दहा महिने ते वर्ष. पाचातला एखादा दोन वर्षेही काढतो. पाय तसाच ठेवून केवळ वेदनाशामक गोळ्यांवर बहुधा एक ते तीन महिने.

पाय काढायचा म्हटले की घरात रडारड सुरू होते. 'तीन पायांचा कुत्रा बघवणार नाही हो!' कोणाला बघवणार नाही? कुत्र्याला लाज नाही, आरसा नाही, शेजारी काय म्हणतील याची काळजी नाही. तो आधीच तीन पायांवर चालत असतो. चौथा पाय फक्त दुखण्यापुरता उरलेला असतो. पुढच्या पायांवर अंगाचा सुमारे ६० टक्के भार असतो, म्हणून पुढचा पाय गेल्यावर सावरायला थोडे जड जाते. तरीही बहुतेक कुत्रे काही दिवसांत नीट चालू लागतात. अर्थात कुत्रा फार लठ्ठ असेल किंवा उरलेल्या पायांत सांधेदुखी असेल तर शस्त्रक्रियेचा आग्रह धरू नये. मुंबईत परळला, तसेच नागपूर, शिरवळ, परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. आपल्या पशुवैद्यांना विचारून तिथला सल्ला घ्यावा. मात्र केमोथेरपीसाठी कोणी कर्ज काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात बरे होणे नाही, थोडी मुदत मिळते. ती पदरमोड करून घ्यायची की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. पैसे नाहीत म्हणून केमो न करण्यात काहीही निष्ठुरपणा नाही. निष्ठुरपणा आहे तो पायही काढायचा नाही, गोळ्याही द्यायच्या नाहीत, आणि शेवटची सुईही नको म्हणायचे, यात. आपल्याकडे यालाच दया म्हणतात, हे दुर्दैव.

गुरुजींनी पाय न काढण्याचे ठरवले. कुत्र्याच्या मागच्या पायांत सांधेदुखी होतीच. मग त्यांच्या घरी जे केले ते इतरांच्याही उपयोगी पडेल. गुळगुळीत टाइल्सवर दुखऱ्या पायाचा कुत्रा घसरतो आणि हाड मोडते, म्हणून दारापासून त्याच्या जागेपर्यंत जुन्या सतरंज्या आणि रबरी पट्ट्या अंथरल्या. जिना बंद केला. खाली चांगली जाड गादी आणि वर रोज बदलायची गोधडी घातली. मोठ्या कुत्र्याच्या कोपरांना आणि खुब्यांना फार लवकर जखमा होतात, अगदी अंथरुणावरच्या माणसाला पाठीवर होतात तशा. जेवणाचे भांडे पाटावर ठेवले म्हणजे मान खाली घालताना पुढच्या पायावर भार येत नाही. वजन वाढू दिले नाही, कारण प्रत्येक जादा किलो त्याच पायांवर पडतो. 'आता थोडेच दिवस आहेत, खाऊ दे बिचाऱ्याला' म्हणून श्रीखंड-पुरी चारणाऱ्या आत्याबाईंना समजावणे हे मात्र सगळ्यांत अवघड काम होते.

बाहेर नेताना पोटाखालून जुन्या सोलापुरी चादरीची झोळी घालून आधार द्यायचा. एकट्याने उचलायचे नाही. ३८ किलोचा कुत्रा उचलून कमरेत उसण भरलेले गुरुजींचे चिरंजीव नंतर माझेच पेशंट झाले.

आजींची भीती अशी की हा कॅन्सर नातवंडांना लागेल. तो लागत नाही. एकत्र बसण्याने, चाटण्याने, त्याच्या भांड्यांमुळे, कशानेच नाही. केमोथेरपी चालू असेल तर काही दिवस कुत्र्याची लघवी-शी हातमोजे घालून साफ करावी आणि गरोदर बाईने ते काम करू नये, एवढेच. खरा धोका वेगळा आहे. दुखऱ्या जागी हात लागला तर अत्यंत गरीब कुत्राही चावतो. लहान मुलांना त्याच्याजवळ एकटे सोडू नका, रेबीजची लस चुकवू नका. चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि 'घरचाच आहे' असे न म्हणता डॉक्टरांकडे या.

निर्णयाची वेळ कशी ओळखायची, हे अमेरिकेतील पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी सोप्या पद्धतीने मांडले आहे. दुखणे, खाणे, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना दहापैकी गुण द्यायचे. गुरुजींनी त्याचे आणखी सोपे रूप केले. भिंतीवरच्या कालनिर्णयात रोज रात्री चांगल्या दिवसाला बरोबरची खूण, वाईट दिवसाला फुली. सातव्या आठवड्यात एका ओळीत पाच फुल्या आल्या. त्या रात्री घरात कोणी वाद घातला नाही.

'पाप लागेल' हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि मी तो हसण्यावारी नेत नाही. माणसांच्या बाबतीत कायदा वेगळा आहे. अरुणा शानबाग प्रकरणात २०११ साली आणि पुढे २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने काही अटींवर कृत्रिम उपचार थांबवायला मान्यता दिली. मरणाची सुई टोचायला नाही. कॅन्सरच्या पेशंटच्या उशाशी बसून मी जे करू शकत नाही, ते पशुवैद्य करू शकतात. आधी गुंगीचे इंजेक्शन, मग भुलीच्या औषधाचा जास्त डोस. काही मिनिटांत, झोपेतच सगळे संपते. ते घरीच, त्याच्या गादीवर करायला पशुवैद्य तयार असतील तर तसेच करावे आणि घरातले कोणीतरी त्याच्या डोक्याशी बसावे. मुलांना 'शेतावर सोडला' असे खोटे सांगू नये. ती शोधायला जातात.

पुरताना खड्डा चांगला पुरुषभर खोल आणि विहिरीपासून लांब असावा. ते औषध मृत शरीरात राहते आणि उकरून खाणाऱ्या जनावरा-पाखरांना विषारी ठरते. जागा नसेल तर नगरपालिकेत चौकशी करावी. आणि उरलेल्या गोळ्या त्याच दिवशी पशुवैद्यांना परत द्याव्यात. 'हाडाच्याच आहेत' म्हणून त्या आजोबांच्या गुडघ्यासाठी जपून ठेवणारी घरेही मी पाहिली आहेत.