परवाना भिंतीवर, कुलूप मागच्या दाराला

दिवाळी अंकाच्या पहिल्याच पानावर दारूच्या परवान्याविषयी कशाला लिहायचे, असे काही वाचकांना वाटेल. कारण साधे आहे. हा अंक वाचून होईतो डिसेंबर उजाडतो, आणि लोक मौजेसाठी जमले होते अशा जागी लागलेल्या दोन भीषण आगी डिसेंबरातल्याच आहेत.

पहिली २०१७ ची. २८ डिसेंबरची मध्यरात्र उलटून गेली होती. लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात गच्चीवरचे दोन पब पेटले आणि १४ जण गेले. त्यांत आपला वाढदिवस साजरा करायला आलेली एक तरुणी होती. हुक्क्याच्या निखाऱ्यातून आग लागली, असे अग्निशमन दलाच्या चौकशीत पुढे आले. वर आच्छादन, सजावटीचे कापड, बांबू. सगळे भराभर पेट घेणारे. बाहेर पडायची वाट न सापडलेले कितीतरी जण स्वच्छतागृहात शिरले आणि तिथेच धुरात गुदमरले.

दुसरी आग ६ डिसेंबर २०२५ च्या रात्रीची, गोव्यातल्या हडफड्याच्या नाइट क्लबमधली. २५ मृत्यू. मेलेल्यांत पर्यटक थोडे होते. बहुतेक जण तिथेच राबणारे, स्वयंपाकघरातले आणि वाढणारे, पोटासाठी दूरच्या राज्यांतून आलेले. बांधकाम पाडण्याची नोटीस पंचायतीने आधीच काढली होती. तिला वरून स्थगिती मिळाली आणि क्लब चालू राहिला.

दोन्ही ठिकाणी नंतरची धावपळ सारखीच झाली. मुंबईत दुसऱ्याच दिवसापासून महापालिकेचे हातोडे शहरभर फिरले. गोव्यात अधिकारी निलंबित झाले, तपासण्या झाल्या, टाळी ठोकली गेली. हे आगीपुरतेच नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले. गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला दारू कुठे मिळाली याचा शोध निघाला, आणि मग शहरातल्या पबवर एक्साइजचे, म्हणजे राज्य उत्पादन शुल्क विभागाचे, छापे पडू लागले. जिथे माणूस मेला नाही तिथला परवाना कुणी तपासायचा, हा प्रश्न मात्र प्रत्येक वेळी मागे राहिला.

मध्यंतरी एका शहरात, तिसऱ्या मजल्यावरच्या परमिट रूममध्ये आमच्या एका लेखकाबरोबर जेवायला गेलो होतो. गल्ल्यामागे एफएल-३ परवाना फ्रेम करून लावलेला, त्याला प्लास्टिकच्या फुलांचा हार, खाली उदबत्ती. शेजारच्या अग्निशामक नळकांड्याच्या चिठ्ठीवरची मुदत केव्हाच संपलेली. हात धुवायला मागे गेलो, तर दुसऱ्या जिन्याच्या दाराला कुलूप आणि पुढे छातीइतकी बिअरच्या क्रेटची रास. कुलूप का, असे विचारले. मॅनेजर मोकळेपणाने म्हणाला, ‘‘पोरं बिल न देता पळतात, साहेब.’’ तो वाईट माणूस नव्हता. पळालेल्या बिलाचे पैसे त्याच्या पगारातून कापले जात असणार. त्या दाराचा हिशेब त्याच्याकडे कुणी मागितलाच नव्हता.

हिशेब मागणारे खाते आहे. राज्य उत्पादन शुल्क विभागाची नजर बाटलीवर फार बारीक असते. किती माल आला, किती विकला, याची नोंदवही रोजच्या रोज भरावी लागते. दारू वाढणाऱ्या नोकराचा नोकरनामा लागतो. जागेचा नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो आणि त्या नकाशाबाहेर, म्हणजे गच्चीवर किंवा पदपथावर, पेला ठेवला तरी अटीचा भंग होतो. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ चा. त्याच्या कलम ५४ खाली अटींचा भंग झाला तर परवाना निलंबित करता येतो, रद्दही करता येतो. कलम ५६ तर त्याहून रुंद आहे: ५४ मध्ये न बसणाऱ्या कारणासाठीही १५ दिवसांची नोटीस देऊन परवाना रद्द करता येतो. दुसरीकडे अग्निप्रतिबंधक कायदा २००६ चा. यंत्रणा चालू स्थितीत आहे असा परवानाधारक एजन्सीचा दाखला, म्हणजे ‘फॉर्म बी’, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावा लागतो. दोन्ही कायदे आपल्या जागी ठीक आहेत. पण एक्साइजचा निरीक्षक बाटल्या मोजतो, अग्निशमन अधिकारी नळकांडी मोजतो, आणि दोघांच्या वह्या एकमेकींना भेटत नाहीत. दारूचा परवाना हा बारमालकाला खरोखर धाक असलेला एकमेव कागद आहे. महापालिकेच्या नोटिसा येतात-जातात, दंड भरून टाकता येतो, स्थगिती आणता येते. परवाना गेला की मात्र त्याच संध्याकाळी धंदा थांबतो. म्हणून मागच्या दाराचे कुलूप याच कागदाला बांधले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

इंग्लंडमध्ये हे कसे चालते ते पाहण्याजोगे आहे. तिथल्या २००३ च्या परवाना कायद्यात चार उद्दिष्टे लिहिली आहेत आणि त्यांत सार्वजनिक सुरक्षितता आहे. पोलीस किंवा अग्निशमन दलच नव्हे, कुणीही नागरिक परवान्याच्या फेरतपासणीचा अर्ज करू शकतो. अर्ज आला की त्या जागेपाशी फिकट निळा कागद २८ दिवस लावून ठेवतात, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळते. मग नगर परिषदेची समिती उघड सुनावणी घेते. अटी वाढवणे, तीन महिन्यांपर्यंत निलंबन आणि शेवटी रद्द करणे, असे पर्याय तिच्याकडे असतात. लंडनच्या ब्रिक्स्टन अकादमी या सभागृहात १५ डिसेंबर २०२२ ला दाराशी चेंगराचेंगरी झाली आणि दोघे गेले, त्यांतली एक तिथली सुरक्षारक्षक. पोलिसांनी परवाना रद्दच करा म्हटले. लॅम्बेथ कौन्सिलने सगळ्यांचे ऐकून घेतले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये ७७ अटी घातल्या. त्यांत मजबूत दारे होती, गर्दी हाताळायची नवी पद्धत होती, तिकिटांची नवी व्यवस्था होती. सभागृह उघडले ते एप्रिल २०२४ मध्ये. तिथेही दोन जीव आधी गेलेच. पण काय चुकले आणि काय बदलायचे, हे चारचौघांत ठरले.

आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली तर दारूच्या दुकानासाठी गुप्त मतदान घ्यावे लागते. मतपत्रिकेवर एक उभी बाटली, एक आडवी. निम्म्याहून अधिक मतदारांनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद. कितीतरी गावांतल्या बायकांनी घरच्यांशी, पुढाऱ्यांशी, विक्रेत्यांच्या माणसांशी झुंजून ही आडवी बाटली जिंकली आहे. दुकान असावे की नसावे हे ठरवण्याइतका विश्वास कायद्याने त्यांच्यावर टाकला. मग बारच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आणि जिना अडलेला रोज पाहणाऱ्या बाईच्या अर्जावर जिल्हाधिकाऱ्याने ठरावीक दिवसांत उघड सुनावणी घेतलीच पाहिजे, एवढे कलम घालायला काय हरकत आहे? तोच अर्ज करायचा हक्क भटारखान्यातल्या पोऱ्यालाही हवा, त्याचे नाव गुप्त राखून. धूर पहिल्यांदा त्याच्याच नाकात जातो.

परवाना रद्द झाला तर नोकरांच्या चुली विझतात, हा मालकांच्या संघटनांचा मुद्दा खरा आहे आणि आम्ही तो हलका मानत नाही. म्हणूनच आधी तपासणी, मग अटी, मग निलंबन अशी चढती पायरी हवी, आणि निलंबनाच्या काळात नोकरांचा पगार मालकाने द्यावा हीदेखील अट हवी. मात्र सांगूनही ज्याने दार उघडले नाही, त्याचा परवाना कायमचा जावा. भावाच्या किंवा मेहुण्याच्या नावाने तो त्याच जागी परत उगवू नये.

नाताळ आणि ३१ डिसेंबरच्या रात्री पहाटे पाचपर्यंत बार उघडे ठेवायची मुभा सरकार देत आले आहे. यंदा ती देताना जिल्हाधिकाऱ्यांनी प्रत्येक अर्जासोबत जुलैचा ‘फॉर्म बी’ मागावा आणि एक्साइजच्या निरीक्षकाने त्या आठवड्यात बाटल्या मोजण्याआधी मागचा जिना उतरून पाहावा. यासाठी नवा कायदा लागत नाही. हे संपादकीय छापून झाल्यावर याच मागणीचे पत्र आम्ही जिल्हाधिकाऱ्यांना पाठवत आहोत. वाचकांनीही आपापल्या जिल्ह्यात ते पाठवावे.