पाच गेम, घड्याळ एकच!

शिरूरच्या भाजीबाजारात टोमॅटोचा वाटा घेताना नियम सगळ्यांना पाठ असतो. वाटा म्हणजे वाटा! लालबुंद तेवढे उचलायचे नि हिरवे परत ठेवायचे, असं चालत नाही. पण बॉस, तो वाटा डोळ्यांसमोर मांडलेला असतो. हात घालून बघता येतं. एखादा नासका निघाला, तर मावशी कुरकुरत का होईना, बदलून देतात.

आता हाच फंडा गेमच्या दुकानात लावून बघा. डिजिटल बंडल म्हणजे गेम्सचा वाटाच की! पाच गेम एकत्र घ्या, निम्म्या किमतीत न्या. डील एकदम सही! फक्त हा वाटा झाकलेला असतो. आत काय आहे ते पैसे भरून, डाउनलोड करून, खेळल्यावरच कळतं. म्हणून मला विचाराल तर डिस्काउंट किती, यापेक्षा परत करायची सोय कशी, हा प्रश्न मोठा.

पीसी गेम्सचं सगळ्यांत मोठं दुकान म्हणजे स्टीम. त्यांनी जून २०१५ मध्ये रिफंडची सोय आणली. गेम घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर कारण काहीही असो, पैसे परत. मस्तच! बंडलला मात्र छोटीशी मेख आहे. तिथे सगळ्या गेम्सचा मिळून वेळ २ तासांच्या आत हवा. म्हणजे एकटा गेम घेतला तर १२० मिनिटं. पाचांचं बंडल घेतलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला २४! हल्लीच्या मोठ्या गेमची सुरुवातीची फिल्म आणि सेटिंग्ज यातच एवढा वेळ उडतो.

आमच्या खराडीच्या ऑफिसातला एक मित्र दौंडचा. आठवडाभर पुण्यात कॉट बेसिसवर, शुक्रवारी रात्रीची गाडी पकडून घरी. गेमिंगचा पीसी दौंडला. त्याच्यासाठी १४ दिवस म्हणजे दोन वीकएन्ड. पहिला डाउनलोडमध्येच जातो, कारण एकेक गेम साठ-सत्तर जीबीचा. उरला एक शनिवार-रविवार, त्यात आईची कामं, मित्रांची लग्नं. दर सेलला तो हा हिशोब मांडतो आणि बंडल सोडून देतो.

आता दुकानदाराचीही बाजू ऐकू या. प्रत्येक गेम वेगळा परत घ्यायचा म्हटलं, तर लोक हवा तो ठेवतील, बाकीचे परत करतील आणि डिस्काउंट मात्र खिशात घालतील. मुद्दा बरोबर आहे. मग उपाय? सोप्पा! समजा, प्रत्येकी ६०० रुपयांचे पाच गेम बंडलमध्ये १,५०० ला मिळाले. मला एकच ठेवायचाय? त्याची सुटी किंमत ६०० कापून घ्या आणि ९०० परत द्या. दोन ठेवले तर १,२०० कापा, ३०० द्या. तीन ठेवले तर त्यांचेच १,८०० होतात, मग रिफंड विसरा! दुकानाला सुट्या विक्रीपेक्षा पैसा कमी मिळत नाही नि गिऱ्हाइकाच्या गळ्यात नको तो गेम पडत नाही. घड्याळही प्रत्येक गेमला वेगळं द्या. हे अवघड नाही, कोणता गेम किती मिनिटं चालला याची नोंद त्यांच्याकडे असतेच.

‘पॉलिसी त्यांची, आपण काय करणार?’ असं म्हणू नका. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हला २०१४ मध्ये कोर्टात खेचलं. रिफंडच्या हक्काबद्दल गिऱ्हाइकांची दिशाभूल केली म्हणून डिसेंबर २०१६ मध्ये कंपनीला ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला.

आपल्याकडेही २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. सदोष माल परत घ्यायला किंवा त्याचे पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत डिजिटल प्रॉडक्ट्सही येतात. तक्रार आपण राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते. म्हणजे घर शिरूरला असो की दौंडला, आयोग पुणे जिल्ह्याचाच. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनला फोन लावून बघा. पण लक्षात ठेवा, ‘गेम चालतच नाही’ हा दोष झाला. ‘बोअर झालं’ हा नाही! बोअर झालेल्याला वाचवते ती दुकानाची पॉलिसीच. म्हणून ती न्याय्य हवी.

तोवर एवढं करा. पैसे भरण्याआधी, हे बंडल परत करता येतं का, ते चेकआउटला वाचा. ज्या गेमसाठी बंडल घेतलं, तोच आधी लावा. तो फसला तर बाकीचे उघडूच नका, सरळ रिफंड मागा. आणि हो, मेन्यू स्क्रीनवर ठेवून चहाला जाऊ नका. घड्याळ चालूच असतं!