रसापाशी थांबलेली परीक्षा

'मदुरो' या स्पॅनिश शब्दाचा अर्थ परिपक्व. गडद तपकिरी ते काळसर वेष्टनपान असलेल्या सिगारला हे नाव देतात. मेक्सिकोतील सान आंद्रेस खोऱ्यातील किंवा अमेरिकेतील कनेटिकट ब्रॉडलीफ जातीची जाड पाने ढीग रचून त्यांच्याच उष्णतेत दीर्घकाळ आंबवली, की हा रंग येतो. अशी सिगार ओढणारा सुशिक्षित रुग्ण आपले समर्थन तयार ठेवून येतो : पान नैसर्गिक आहे, धूर छातीत घेत नाही, आणि धूमपान तर आयुर्वेदानेच सांगितले आहे. म्हणून या वस्तूची परीक्षा कशी होते, हे वैद्यवर्गाने जाणून घेणे अप्रस्तुत ठरणार नाही.

सिगारपरीक्षक प्रथम वेष्टनाचा रंग, शिरा व तेलकट झाक पाहतो. बोटांनी दाबून पोकळ जागा शोधतो. टोक कापल्यावर न पेटवताच एक झुरका घेऊन पानाची मूळ चव जाणतो. पेटवल्यावर पहिला, मधला व शेवटचा तृतीयांश यांच्या नोंदी तो स्वतंत्र ठेवतो : कॉफी, कोको, मनुका, मिरी. १९९२ पासून प्रसिद्ध होणाऱ्या 'सिगार अफिशिओनाडो' या अमेरिकन नियतकालिकात नाव झाकून परीक्षा होते व १०० पैकी गुण दिले जातात. अनुभवी परीक्षक रंगाला भुलत नाही. धुराची तीव्रता मुख्यतः आतल्या पानांवर, विशेषतः रोपाच्या वरच्या भागातील 'लिगेरो' पानांवर अवलंबून असते, हे तो जाणतो.

ही शिस्त निःसंशय प्रशंसनीय आहे. परंतु ती परीक्षा रसगंधापाशीच थांबते. वीर्य, विपाक आणि प्रभाव यांचा प्रश्न तेथे कोणी विचारीत नाही. एका मोठ्या सिगारमध्ये ५ ते २० ग्रॅम तंबाखू असू शकते. सिगारेटमध्ये ती सुमारे १ ग्रॅम किंवा त्याहून कमी असते. सिगारचा धूर बहुधा क्षारधर्मी असल्याने त्यातील निकोटिन तोंडाच्या श्लेष्मल त्वचेतूनच शोषले जाते. त्यामुळे धूर छातीत न घेणाऱ्यासही मुख, स्वरयंत्र व अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका राहतो. ९५ गुण मिळवणारी सिगार यास अपवाद नाही.

आता धूमपानाविषयी. चरकाने सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात अंगठ्याएवढी जाड व आठ अंगुळे लांब धूमवर्ती सांगितली आहे. आकाराने ती सिगारशी जुळते. साम्य तेथेच संपते. तिची द्रव्ये हरेणुका, प्रियंगु, चंदन, उशीर अशी आहेत. तंबाखू आपल्या देशात आली ती पोर्तुगीजांच्या आगमनानंतर. धूमपानाचे काळ ठरलेले आहेत आणि अकाली वा अति धूमपानाने बाधिर्य, आंध्य, रक्तपित्त, शिरोभ्रम हे उपद्रव सांगितले आहेत. विशेष म्हणजे तोंडाने घेतलेला धूर नाकावाटे सोडू नये, त्याने नेत्रांस अपाय होतो, असा स्पष्ट निषेध आहे. सिगारपरीक्षक गंधाचे बारकावे टिपण्यासाठी नेमके तेच करतो. तेव्हा चरकाचा आधार देणाऱ्या रुग्णास चरकाचेच वचन दाखवावे.

मात्र दुसऱ्यास बोल लावताना आपल्या भांडारगृहाकडेही पाहावे लागेल. ज्यांच्या शास्त्राने रस, वीर्य, विपाक यांची मांडणी केली, त्यांच्यापैकी किती फार्मसीचालक कच्च्या मालाची पोती भाव, रंग आणि व्यापाऱ्याचा शब्द यांवरच उतरवून घेतात? हळदीस लेड क्रोमेटने रंग चढवता येतो, हे सर्वविदित आहे. आयुर्वेदिक फार्माकोपियात द्रव्यवर्णनाबरोबर गंध व चव यांचीही नोंद असते. ती केवळ छापण्यासाठी नाही. प्रत्येक खेपेचा नमुना व्यापाऱ्याचे नाव झाकून दोघातिघा जाणकारांपुढे ठेवावा, प्रमाणित नमुन्याशी ताडावा, नोंद लिहून ठेवावी आणि मगच प्रयोगशाळेकडे पाठवावा. वत्सनाभ, कुचला, भल्लातक यांसारखी विषद्रव्ये अर्थातच जिभेवर ठेवू नयेत. यास फारसा खर्च येत नाही; थोडा वेळ व प्रामाणिकपणा मात्र लागतो.

सिगारपरीक्षक रसापाशी थांबतो. आपण पुष्कळदा रसापर्यंतही पोहोचत नाही. त्याची शिस्त घ्यावी, त्याची सिगार घेऊ नये, एवढेच सुज्ञ वैद्यबंधूंस सांगणे आहे.