महारोहिणीचा फुगवटा : न दुखणाऱ्या विकाराची ओळख

घराण्यातील सहा-सात पिढ्यांची नावे मुखोद्गत असलेले वडीलधारे धाराशिव, परंडा, भूम, उमरगा अशा गावांतून आजही भेटतात. कोणत्या आजोबांनी कोणत्या साली दुकान थाटले, कोणती आत्या कोणत्या गावी दिली, हे ते बिनचूक सांगतात. परंतु त्यांपैकी कोण कशाने गेले, असे विचारले, की पुष्कळदा एकच उत्तर मिळते : ‘अचानक गेले.’ पाठीत किंवा पोटात कळ आली, दरदरून घाम फुटला आणि दवाखान्यात नेईपर्यंत सारे आटोपले. अशा मृत्यूंना घरोघर ‘हार्ट अटॅक’ म्हटले जाते. त्यांतील बहुसंख्य हृदयविकाराचेच असतात. पण काहींच्या मुळाशी एक निराळाच विकार असू शकतो. तो म्हणजे महारोहिणीचा विस्फार, ज्याला डॉक्टर ‘एओर्टिक अॅन्युरिझम’ म्हणतात.

हृदयातून शुद्ध रक्त घेऊन निघणारी शरीरातील सर्वांत मोठी रक्तवाहिनी म्हणजे महारोहिणी. ती हृदयातून वर चढते, कमानीसारखी वळते, पाठीच्या कण्यालगत छातीतून खाली पोटात उतरते आणि बेंबीच्या पातळीच्या आसपास दोन्ही पायांकडे जाणाऱ्या शाखांत विभागते. पोटातील भागाचा व्यास सामान्यतः दोन सेंटिमीटरच्या आसपास असतो. तो तीन सेंटिमीटर किंवा अधिक झाला, तर त्याला विस्फार म्हणतात. सायकलच्या जुन्या ट्यूबला एखाद्या झिजलेल्या जागी फुगा यावा, तसाच हा प्रकार. फुगा जितका मोठा, तितका त्याच्या भिंतीवरील ताण अधिक. आणि ताण जितका अधिक, तितकी भिंत आणखी ताणली जाते. म्हणूनच हा विकार आपणहून मागे फिरत नाही.

भिंत दुर्बळ होण्याची कारणे अनेक आहेत. वाढते वय, धूम्रपान, अनियंत्रित रक्तदाब, रक्तवाहिन्यांत साचणारी चरबी आणि आनुवंशिकता ही त्यांतील प्रमुख. पोटातील विस्फार साठी-पासष्टीनंतरच्या पुरुषांत अधिक आढळतो आणि विडी-सिगारेट हे त्याचे सर्वांत मोठे टाळता येण्याजोगे कारण आहे. छातीतील विस्फार मात्र तरुणांनाही होऊ शकतो. विशेषतः मार्फान सिंड्रोमसारख्या जन्मजात विकारात. उंच, सडपातळ बांधा, लांबसडक बोटे आणि डोळ्यांतील भिंग सरकणे, ही त्याची काही लक्षणे होत.

आपल्याकडील डॉक्टरांनी या क्षेत्रात मोलाचे काम केले आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील शल्यविशारद डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये महारोहिणीच्या मधल्या भागातील आजारावर निबंध प्रसिद्ध केला. महारोहिणीच्या भिंतीला सूज आणणारा हा विकार आशियात, विशेषतः तरुण स्त्रियांत, अधिक दिसतो. त्यात वाहिनी बहुधा अरुंद होते, तर कधी फुगतेही. तरुण मुलीचा रक्तदाब वाढलेला असेल, दोन्ही हातांचे आकडे बरेच निराळे येत असतील किंवा एका हाताची नाडी क्षीण लागत असेल, तर ‘ताणामुळे होते’ म्हणून सोडून देऊ नये, ते यासाठीच.

हा विकार धोकादायक ठरतो, तो त्याच्या मौनामुळे. बहुतेकांना वर्षानुवर्षे काहीही जाणवत नाही. एखाद्याला पोटात ठोके पडल्यासारखे वाटतात. छातीत फुगवटा असल्यास क्वचित आवाज घोगरा होतो किंवा गिळताना अडते. जाणवलेच, तरी दुसऱ्याच आजाराची शंका येते. थोर शास्त्रज्ञ अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या पोटदुखीच्या शोधार्थ १९४८ मध्ये डॉ. रुडॉल्फ निसेन यांनी शस्त्रक्रिया केली, तेव्हा महारोहिणीचा मोठा फुगवटा आढळला. तो काढून टाकण्याचा उपाय त्या काळी हाती नव्हता. म्हणून त्यांनी त्याभोवती सेलोफेनचे वेष्टन गुंडाळले. त्यानंतर आइन्स्टाइन सहा वर्षांहून अधिक काळ कार्यरत राहिले. एप्रिल १९५५ मध्ये फुगवटा फुटला. त्यांनी नवी शस्त्रक्रिया नाकारली आणि १८ एप्रिलला त्यांचे निधन झाले.

दरम्यान उपचार पुढे सरकले होते. १९५१ मध्ये पॅरिसच्या डॉ. शार्ल द्युबोस्त यांनी पोटातील विस्फार कापून काढून तेथे दात्याच्या रक्तवाहिनीचा तुकडा जोडला. पुढे अमेरिकेतील डॉ. मायकेल डिबेकी यांनी डेक्रॉनच्या कापडापासून शिलाई मशीनवर नळ्या शिवल्या. आजही खुल्या शस्त्रक्रियेत कृत्रिम धाग्यांची अशीच नळी बसवतात. १९९० मध्ये अर्जेंटिनाच्या डॉ. हुआन परोदी यांनी जांघेतील धमनीतून आतल्या आत आच्छादित स्टेंट पोहोचवण्याची रीत आणली. तिच्यात पोट उघडावे लागत नाही, सुरुवातीचा धोका कमी असतो आणि रुग्ण लवकर घरी जातो. मात्र स्टेंटच्या कडेने रक्त झिरपू शकते. म्हणून आयुष्यभर ठरावीक काळाने तपासणी करावी लागते. कोणती रीत योग्य, हे फुगवट्याची जागा, त्याचा आकार आणि रुग्णाचे वय व प्रकृती पाहून ठरते.

प्रत्येक फुगवट्याला शस्त्रक्रिया लागत नाही, हेही तितकेच महत्त्वाचे. ब्रिटनमध्ये १,०९० रुग्णांवर झालेल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की लहान फुगवट्यावर घाईने शस्त्रक्रिया केल्याने आयुष्य वाढत नाही. म्हणून पोटातील विस्फार पुरुषांत साधारण साडेपाच आणि स्त्रियांत पाच सेंटिमीटरला पोहोचेपर्यंत ठरलेल्या अंतराने सोनोग्राफी करत राहतात. तो झपाट्याने वाढू लागला किंवा दुखू लागला, तर निर्णय लवकर घ्यावा लागतो.

ही सोनोग्राफी साधी, वेदनारहित आणि तालुक्याच्या गावीही होणारी तपासणी आहे. ब्रिटनमध्ये पासष्टीच्या पुरुषांना ती एकदा करण्याचे निमंत्रण दिले जाते. आपल्या देशात अशी सार्वत्रिक व्यवस्था नाही; म्हणून कुटुंबानेच जागरूक राहावे. पासष्टी ओलांडलेले आणि पूर्वी धूम्रपान केलेले पुरुष, तसेच ज्यांच्या आईवडिलांना वा भावंडांना हा विकार झाला आहे असे सर्व, यांनी डॉक्टरांशी याविषयी बोलावे. अन्य कारणाने पोटाची सोनोग्राफी झाली असेल, तर अहवालात ‘एओर्टा’पुढे काय लिहिले आहे, तेही विचारून घ्यावे.

फुगवटा आढळलेल्यांनी तंबाखू सर्व रूपांत सोडावी. रक्तदाब आटोक्यात ठेवावा. पापड, लोणचे, खारे पदार्थ जपून खावेत. सूर्यास्तानंतर काही न घेण्याचा नियम असल्यास तो डॉक्टरांना आधीच सांगावा, म्हणजे गोळ्यांच्या वेळा तशा आखता येतात. उपवासाच्या दिवसांत मात्र स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन यांसारखी प्रतिजैविके अशा रुग्णांना शक्यतो देऊ नयेत, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला आहे. म्हणून साध्या तापासाठी किंवा जुलाबासाठीही औषध घेताना आपला विकार सांगावा.

ज्येष्ठ व्यक्तीच्या पोटात, कमरेत वा पाठीत एकाएकी असह्य कळ उठली, चक्कर आली, अंग थंड पडले, तर ‘मुतखडा असेल’ म्हणून घरगुती काढ्यावर वेळ दवडू नये. फुटलेल्या महारोहिणीचे बहुतेक रुग्ण दगावतात. जे वाचतात, ते वेळेवर शस्त्रक्रियागृहात पोहोचलेले असतात. धाराशिवहून सोलापूर सत्तरेक किलोमीटर आहे आणि पुणे त्याहून कितीतरी दूर. म्हणून १०८ क्रमांकाला तत्काळ फोन करावा आणि निघण्यापूर्वी तेथे शस्त्रक्रियेची सोय आहे का, हे विचारावे. फुगवटा आधीच माहीत असेल, तर जुने अहवाल सोबत न्यावेत. आणीबाणी नसताना खर्चाची चिंता असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राकडे चौकशी करावी.

वंशावळीच्या वहीत नावांपुढे जन्मतिथी आणि पुण्यतिथी लिहिलेली असते. त्यापुढे मृत्यूचे कारण, जेवढे माहीत असेल तेवढे, लिहून ठेवले, तर तीच वही नातवंडांना वेळेवर तपासणीची वाट दाखवील.