पाणी निवळले, विष गाळातच!

नदीत सोडलेले रसायन पाण्याबरोबर वाहून समुद्राला मिळते, हा समज अर्धाच खरा आहे. शिसे, कॅडमियमसारखे जड धातू आणि पीसीबीसारखी पाण्यात सहज न विरघळणारी रसायने गाळाच्या कणांना चिकटतात. कण जितके बारीक, तितका वजनाच्या मानाने त्यांचा पृष्ठभाग जास्त आणि विष धरून ठेवण्याची क्षमताही जास्त. प्रवाह संथ झाला की हे कण बंधाऱ्यामागे बसतात, वरचे पाणी निवळते. पूर आला की तोच गाळ ढवळून पुढे सरकतो.

अमेरिकेतील हडसन नदीत जनरल इलेक्ट्रिकच्या दोन कारखान्यांतून १९७७ पर्यंत पीसीबी मिसळत होते. १९७३ मध्ये फोर्ट एडवर्डचे धरण पाडले आणि मागे साचलेला दूषित गाळ खाली वाहत गेला. नदीतला असा गाळ उपसण्याचे काम २००९ ते २०१५ चालले.

आपल्याकडे २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून धरणांतला गाळ शेतात जातो. योजना चांगलीच आहे. मात्र ज्या जलाशयांत कारखान्यांचे सांडपाणी येते, तिथला गाळ शेतात पसरण्याआधी तपासलाच पाहिजे. केवळ पाण्याच्या नमुन्यावरून नदी स्वच्छ ठरवणे पुरेसे नाही.