भुतांना हाकलू नका!

दिवाळीच्या फराळाशेजारी भुतांचा विषय निघाला की घरातली वडीलधारी माणसे 'सणासुदीला हे काय?' म्हणून डोळे वटारतात. पण ज्या कोकणात दिवाळीची पहाट नरकासुर समजून कारीट पायाखाली चिरडल्यावर उजाडते, तिथे भुताच्या नुसत्या नावाला भ्यावे, हे काही खरे नव्हे!

सुट्टीत कितीतरी कुटुंबे गणपतीपुळ्याला जातात. दर्शन घेतात, मोदक खातात, लाटांत भिजतात आणि परततात. त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे : एक दिवस मोटार उभी करा आणि मालगुंडवरून जयगडपर्यंत पायी जा. पहाटे निघालात तर दिवस मावळण्यापूर्वी किल्ल्यावर पोचाल. पोरे दमली तर एस.टी. आहेच.

मालगुंड पुळ्याला लागूनच. कृष्णाजी केशव दामले, म्हणजे आपले केशवसुत, १८६६ साली इथे जन्मले आणि १९०५ साली हुबळीला प्लेगने गेले. त्यांचे स्मारक इथे १९९४ साली उभे राहिले. 'तुतारी' तुम्हाला पाठ असेलच. तिच्याबरोबर त्यांची 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न' ही कविताही मुलांना वाचून दाखवा. विटाळाच्या नावाखाली हुसकावलेले पोर आईला त्याचे कारण विचारते, एवढीच तिची हकिगत. ती मनात ठेवून पुढे चला. जयगडला तिची गरज लागेल.

कोकणातली वाट म्हटली की पिंपळावर मुंजा आणि विहिरीपाशी हडळ आलीच. यावर आपल्याकडे दोन पक्ष आहेत. एक 'सारे थोतांड!' म्हणून नाक मुरडणारा, दुसरा त्याच भीतीचे दुकान मांडून पैसे मोजणारा. दोघांनाही माझा विरोध आहे. भूत नसते, हे मुलांना ठणकावून सांगा. पण भूत नसले तरी मेलेले माणूस होते, हेही सांगा. मुंजा कोण? मुंज होऊन लग्नाआधीच गेलेला मुलगा. हडळ कोण? बाळंतपणात गेलेली बाई. ज्या मरणाचा जाब कुणी दिला नाही, त्याचे गावाने भूत केले आणि झाडावर नेऊन बसवले. थोतांड म्हणून ते झाड तोडलेत, तर तो जाबही बुडतो.

आता शास्त्री नदीच्या मुखावरचा जयगड. शेजारी वीजकेंद्र आहे, बंदर आहे, उजेडाला तोटा नाही. तरी या किल्ल्याच्या नावातच एक मेलेला माणूस आहे. दंतकथा अशी : बांधकाम पुनःपुन्हा ढासळे. तेव्हा जयबा नावाच्या महार तरुणाने स्वखुशीने बळी जाणे पत्करले, काम टिकले आणि किल्ल्याला त्याचे नाव मिळाले.

हा इतिहास नव्हे, दंतकथाच. पण माझे भांडण तिच्यातल्या 'स्वखुशीने' या एका शब्दाशी आहे. ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्याच्या खुशीची चौकशी कुणी आणि कधी केली? नकार देण्याची ज्याला सोय नाही, त्याच्या होकाराला खुशी म्हणायचे? हा शब्द जयबाचा नव्हे. तो ऐकणाऱ्यांना शांत झोप यावी म्हणून घातलेला आहे. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोण्याविरुद्ध कायदा केला, त्याच्या लांबलचक नावात सर्वांत आधी 'नरबळी' येतो. कायदा हवाच होता. पण कायदा पुढचे बळी रोखील. मागच्यांची आठवण आपणच ठेवायची असते.

म्हणून बुरुजावर बसून लाडू-चकलीचा डबा उघडा आणि मुलांना जयबाची गोष्ट सांगा. एखादे चुणचुणीत पोर विचारील, "तो नाही म्हणाला असता तर?" त्याला 'सणासुदीला हे काय?' म्हणून गप्प करू नका. मालगुंडच्या कवीने ऐकला तो पहिला प्रश्न होता. हा दुसरा आहे.